गाडीवानाला बिल्ला, मग कंपनीला का नाही?

नागपूरला किंवा पुण्याला तुमचे कोणी नातलग असेल, तर तुम्ही हे पाहिले असेल. दवाखान्यात जायचे असते. घरातली सून मोबाईल काढते, त्यावर दोन-तीनदा बोट टेकवते आणि म्हणते, "मामंजी, चला खाली. गाडी आली." कोणाला हाक मारली नाही, भावाची घासाघीस केली नाही. खाली खरोखरच गाडी उभी! गाडीवाला चार आकडे विचारतो, ते जुळले की गाडी चालू करतो. भाडे किती, हे मोबाईलवर आधीच लिहून आलेले असते.

सोय चांगली आहे. अडल्या-नडल्याला, रात्री-बेरात्री, परक्या शहरात फार उपयोगी आहे. तिला नावे ठेवण्यासाठी हा पाठ नाही. पण मंडळी, आपण आता लिहा-वाचायला शिकलो आहोत. तेव्हा जिच्यात बसतो तिच्याबद्दल दोन प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. ही गाडी कोणाची? भाडे ठरवले कोणी? आणि वाटेत काही बरेवाईट झाले, तर धरायचे कोणाला?

ह्या गाड्या जोडून देणाऱ्या कंपन्यांची नावे तुम्ही ऐकली असतील. ओला, उबर, रॅपिडो. उबर ही अमेरिकेतली. २००९ साली तिथल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात ती निघाली आणि २०१३ साली आपल्या देशात बंगळुरूला आली. ओला ही इथलीच, २०१० सालची. ह्या कंपन्यांची गंमत अशी, की धंदा गाड्यांचा, पण बहुतेक गाड्या त्यांच्या नव्हेत. गाडी गाडीवाल्याची. बँकेचे कर्ज त्याच्या नावावर. डिझेल त्याचे, टायर त्याचा, पंक्चर झाले तर तेही त्याचेच. कंपनी काय करते? प्रवासी एकीकडे आहे, गाडीवाला दुसरीकडे आहे, त्या दोघांची मोबाईलवर गाठ घालून देते. आणि भाड्यातून आपला वाटा कापून घेते.

हे ऐकल्यावर आपल्या भागातल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे एक माणूस उभा राहील. अडत्या. अडत्याचे शेत नसते, कापूस नसतो, जिनिंगही त्याचे नसते. तो विकणारा आणि घेणारा यांना समोरासमोर आणतो आणि आपली अडत घेतो. सरकारी कागदात ह्या मोबाईल कंपन्यांना 'समुच्चयक' असा जड शब्द घातला आहे. समुच्चयक म्हणजे गोळा करणारा, एकत्र आणणारा. तुम्ही आपले गाड्यांचा अडत्या म्हणा, अर्थ बरोबर लागेल.

आता अडत्याची गोष्ट आपल्या वऱ्हाडाला नवी नाही. पूर्वी कापसाच्या बाजारात काय चाले, ते जुन्या माणसांनी सांगितले असेल. रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरायचा. शेतकरी बाजूला उभा. त्याच्या मालाचा भाव ठरतो आहे आणि त्यालाच दिसत नाही! मग कडता कापायचा, तोलाई कापायची, धर्मादाय कापायचा. घरी परतताना हातात काय उरले ते मोजायचीही लाज वाटायची. ह्यावर उपाय म्हणून १८८६ साली कारंज्याला, म्हणजे आपल्या दारव्ह्याच्या शेजारीच, देखरेखीखालचा कापूस बाजार सुरू झाला. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच झाला. अशा तऱ्हेचा हा भारतातला पहिला कायदा. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव वणी जिल्हा होते. यवतमाळ जिल्हा हे नाव १९०५ चे. बाजारावर कमिटी आली, देखरेख आली, आणि पुढे पुढे दलालाला, मापाऱ्याला परवाना लागू लागला. आज महाराष्ट्रात १९६३ चा बाजार समितीचा कायदा आहे. त्याखाली अडत्या परवान्याशिवाय समितीच्या आवारात बसू शकत नाही.

हे कशासाठी केले? अडत्या वाईट असतो म्हणून नव्हे. मी चांगले अडतेही पाहिले आहेत. ज्याच्या हातात दोन्हीकडची दोरी असते, भाव ज्याच्या तोंडातून निघतो आणि पैसा ज्याच्या हातून जातो, तो कोण आहे, कुठे राहतो, हे सरकारदफ्तरी लिहिलेले असावे म्हणून केले. उद्या पैसे बुडाले तर दार ठोठवायला दार तरी पाहिजे ना!

मोबाईलवरच्या गाडीची हीच गोष्ट आहे. पण इथे उलटे घडले.

गाडीवानाला परवाना ही फार जुनी रीत आहे. टांग्याच्या काळात टांग्याला नगरपालिकेचा नंबर असे. मुंबईत १९११ पासून मोटार टॅक्सी चालू लागल्या. मग १९३९ साली सगळ्या देशासाठी मोटार वाहन कायदा झाला, तो जाऊन १९८८ चा आला आणि आज तोच चालू आहे. ह्या कायद्याखाली भाड्याची गाडी चालवणाऱ्याच्या मागे किती कागद लागतात ते पाहा. चालवण्याचे लायसन. गाडीचे नोंदणीपुस्तक, म्हणजे आरसी. भाड्याने चालवण्याचा परवाना, त्याला परमिट म्हणतात. गाडी धडधाकट असल्याचे फिटनेसचे प्रमाणपत्र. विमा. धुराचे पीयूसी. ऑटोवाल्याच्या छातीवर बिल्ला. यांतला एक कागद जरी सरला, तरी चौकातला शिपाई गाडी बाजूला घेतो.

म्हणजे दोन एकर विकून गाडी घेणारा पोरगा सरकारला पुरता ठाऊक. त्याच्या अंगठ्याचा ठसासुद्धा ठाऊक. आणि त्याच्यासारख्या लाखो पोरांना सकाळपासून रात्रीपर्यंत "इकडे जा, तिकडे जा" असे सांगणारी कंपनी मात्र वर्षानुवर्षे म्हणत राहिली, "आम्ही वाहतूकवाले नाहीच. आम्ही फक्त मोबाईलचे काम करतो. गाडीवाला आमचा नोकर नव्हे, भागीदार आहे."

भागीदार! मला हा शब्द फार नवलाचा वाटतो. भागीदाराला दुकानाचा भाव ठरवता येतो. इथे भाव कंपनी ठरवते. गिऱ्हाईक कोण ते कंपनी ठरवते. भागीदाराला दुकानातून काढायचेही कंपनीच ठरवते.

प्रश्न नुसत्या पैशांचा असता, तर एक वेळ लोक गप्प बसले असते. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरवरून बोलावलेल्या गाडीत एका तरुण मुलीवर गाडीवाल्याने अत्याचार केला. चौकशीत निघाले, की त्याच्यावर पूर्वीही गुन्हे नोंदलेले होते. मग त्याला गाडीवर घेताना पाहिले कोणी? पोलिसांचा दाखला तपासला कोणी? पुढे न्यायालयाने त्याला शिक्षा दिली. पण दिल्ली सरकारने लगेच अशा गाड्यांवर बंदी घातली, आणि सगळ्या देशात पहिल्यांदा हे बोलले जाऊ लागले, की गाडीवानाचा परवाना पाहून भागत नाही. त्याला धाडणाऱ्याचाही पाहिला पाहिजे. २०१६ साली कर्नाटक सरकारने अशा कंपन्यांसाठी वेगळे नियम केले. परदेशातही हेच चालले होते. लंडन शहराच्या वाहतूक खात्याने २०१७ साली उबरचा परवाना वाढवून द्यायला नकार दिला, तो वाद कोर्टात बरीच वर्षे चालला. २०२१ साली तर इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तिथले उबरचे चालक हे कामगारच आहेत, त्यांना किमान वेतन आणि पगारी सुट्टी मिळालीच पाहिजे.

आपल्याकडे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. कलम ९३ मध्ये ह्या समुच्चयकाचे नाव पहिल्यांदा घातले गेले. त्यात सरळ म्हटले आहे, की अशा कंपनीने राज्य सरकारकडून परवाना घेतला पाहिजे. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या परिवहन मंत्रालयाने त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. परवाना पाच वर्षांचा, त्याची फी ५ लाख रुपये. शिवाय गाड्यांच्या संख्येप्रमाणे १० लाखांपासून ५० लाखांपर्यंत अनामत. चालकाने दिवसात १२ तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नये. चोवीस तास चालणारे तक्रार केंद्र असावे, आणि तिथे राज्याच्या भाषेत बोलता यावे. म्हणजे आपल्याला मराठीत.

आता दंड पाहा. गणित आवडणाऱ्यांनी लक्ष द्यावे. परमिटाशिवाय भाड्याची गाडी चालवली, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि १०,००० रुपये दंड आहे. परवान्याशिवाय कंपनी चालवली, तर दंड कमीत कमी २५,००० आणि जास्तीत जास्त १ लाख रुपये. कैद नाही. एका गाडीला दहा हजार, आणि हजारो गाड्या फिरवणाऱ्याला एक लाख! हे माप कोणत्या तराजूचे, ते करणाऱ्यांनाच ठाऊक. माझ्या मते हा दंड मोठ्या कंपनीला चहापाण्याचा खर्च आहे.

आपल्या महाराष्ट्रात काय झाले? राज्य सरकारने २०१७ सालीच शहर टॅक्सीचे नियम केले होते. त्यांच्याविरुद्ध कोर्टात अर्ज गेले आणि नियम कागदावर राहिले. पुढे एका प्रवासी बाईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. तिचे म्हणणे साधे होते. ह्या गाडीबद्दल तक्रार करायची तर धड जागा नाही. त्या अर्जावर ७ मार्च २०२२ रोजी न्यायालयाने सांगितले, की महाराष्ट्रात परवान्याशिवाय कोणी कंपनी चालता कामा नये. १६ मार्चपर्यंत सगळ्यांनी अर्ज करावेत. सरकारचे स्वतःचे नियम तयार होईपर्यंत २०२० च्या सूचनांवर काम चालवावे. उबर सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२२ मध्ये तिथे 'जैसे थे'चा हुकूम मिळाला. जैसे थे म्हणजे आहे तसे चालू राहू द्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उबरला ६ मार्चपर्यंत परवान्यासाठी अर्ज करायला सांगितले.

त्याच सुमारास पुण्यात रॅपिडोचा खटला गाजला. रॅपिडोवाले मोटारसायकलवर प्रवासी नेत. पुण्याच्या परिवहन कार्यालयाने डिसेंबर २०२२ मध्ये त्यांचा अर्ज फेटाळला. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने सेवा बंद करायला लावली आणि फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दिलासा दिला नाही. मुद्दा काय होता? त्या मोटारसायकली पांढऱ्या पाटीच्या होत्या. म्हणजे घरच्या वापराच्या. १९ जानेवारी २०२३ रोजी राज्य सरकारने हुकूम काढून अशा खासगी गाड्या भाड्याने जोडण्याला मनाई केली. नुकसान कोणाचे झाले? कंपनीचे झाले असेल. पण ज्या विद्यार्थ्यांनी, ज्या बेकार पोरांनी हप्त्याने मोटारसायकल घेऊन खर्च चालवला होता, त्यांची कमाई एका दिवसात थांबली. त्यांना कंपनीने गाडीवर घेताना "आमच्याकडे परवाना नाही" असे सांगितले होते का? तेही कुणी विचारले नव्हते. म्हणून सांगतो, परवाना विचारा. गाडीवर बसण्याआधी विचारा.

शेवटी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ह्या कंपन्यांसाठी धोरण ठरवले. त्यातल्या मुख्य गोष्टी आकड्यांनी समजून घेऊ. वही-पेन्सिल घ्या.

समजा, एका फेरीचे मूळ भाडे २०० रुपये आहे. पाऊस आला, रात्र झाली, सण आला, की कंपनी भाडे वाढवते. धोरणाप्रमाणे ते मूळ भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त वाढवता येत नाही. २०० ची दीडपट किती? ३००. त्यावर एक रुपया नाही. गिऱ्हाईक ओढण्यासाठी कंपनी सवलत देते. तीही पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. २०० चे पंचवीस टक्के ५०. म्हणजे भाडे १५० च्या खाली जायचे नाही. हे दुसरे बंधन कशासाठी? प्रवाशाला स्वस्त मिळते तर मिळू द्यावे, असे कुणी म्हणेल. पण स्वस्ताईचा घाव शेवटी गाडीवाल्याच्या पाठीवर बसतो, डिझेलवाला त्याला सवलत देत नाही. तिसरी गोष्ट, भाड्यातले निदान ऐंशी टक्के चालकाला मिळाले पाहिजेत. २०० चे ऐंशी टक्के १६०. कंपनीचा वाटा ४० पेक्षा जास्त नाही.

गाडी ठरवून चालकाने ती रद्द केली, तर त्याला भाड्याच्या दहा टक्के किंवा १०० रुपये, यांतले जे कमी ते भरावे लागते आणि ते प्रवाशाच्या खात्यात जाते. आपल्या हिशेबात २० रुपये. प्रवाशाने रद्द केली, तर पाच टक्के किंवा ५० रुपये, यांतले कमी ते, चालकाला. म्हणजे १० रुपये. खोळंबा ज्याचा झाला, पैसे त्याला, हे मला पटले.

पुढे जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने आपल्या सूचना नव्याने काढल्या. त्यांत भाडे दुपटीपर्यंत वाढवायला मुभा दिली आहे. चालकासाठी ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा आयुर्विमा कंपनीने काढावा, असेही त्यांत आहे. विमा चांगला. पण दुपटीचे माझ्या गळी उतरत नाही. अडचणीत सापडलेल्या माणसाकडून दीडपट घेतली तरी खूप झाली.

मूळ भाडे तरी किती? ते त्या त्या भागाचे परिवहन प्राधिकरण ठरवते. मुंबई आणि भोवतालच्या भागासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे हा दर ठरला. मुंबईचा दर यवतमाळला लागू नाही, हे ध्यानात ठेवा. नाहीतर ऑटोवाल्याशी उगाच भांडण काढाल.

आता आपल्या घरातल्या पोरांकडे वळू. दिग्रस, पुसद, उमरखेड, पांढरकवडा, कुठेही जा. प्रत्येक गावातली दोन-चार पोरे नागपूर-पुण्याला गाडी चालवताना सापडतील. शेती पोट भरत नाही, नोकरी मिळत नाही, गाडी चालवता येते. बाप एकर-दीड एकर गहाण टाकतो, आई अंगावरचे काढून देते, आणि पोरगा हप्त्याची गाडी घेऊन शहरात जातो. त्याला वाईट कोण म्हणेल? पण जाताना तो एक करार करतो आणि तो करार घरात कोणी वाचत नाही. कारण तो कागदावर नसतो. मोबाईलवर असतो, बहुधा इंग्रजीत, आणि लांबलचक. खाली एक चौकट असते. तिला बोट लावले की 'मला मान्य आहे' असे होते. पूर्वी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवीत. तो निदान शाईने काळा तरी होत असे.

माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा नागपुरात अशी गाडी चालवतो. मुलगा सालस, गणितात बरा. एका सकाळी त्याच्या मोबाईलवर दोन ओळी आल्या : तुमचे खाते बंद करण्यात आले आहे. का, कशाने, काही नाही. त्याने फोन लावले, तर नुसती धून वाजे. ऑफिस शोधत गेला, तर तिथे दुसरेच दुकान. मला फोनवर म्हणाला, "गुरुजी, भांडाव तं कोणासंग भांडाव? मोबाईलसंग भांडता येते काय?" सहाव्या दिवशी खाते आपोआप सुरू झाले. बंद का झाले होते, हे त्याला अजून कळलेले नाही. त्या पाच दिवसांची कमाई गेली, आणि बँकेने हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापलाच. मी कंपनीचे नाव सांगत नाही. नाव कोणतेही असले तरी दुखणे हेच आहे.

म्हणून गाडी घेण्याआधीच चार गोष्टी विचारून, वहीत लिहून ठेवाव्या. कंपनीचा परवाना ह्या राज्याचा आहे का, आणि त्याची मुदत कधी संपते? शंभर रुपयांतले किती कापणार, आणि पैसे किती दिवसांनी देणार? खाते बंद केले तर कारण लेखी देणार का, आणि दाद कुठे मागायची? विमा कंपनी काढणार की आपण? यांतले एकही उत्तर धड मिळाले नाही, तर बापाने शेत गहाण टाकायची घाई करू नये.

अशा कामगारांसाठी आणखी एक कायदा आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. मोबाईल कंपनीसाठी काम करणाऱ्या गाडीवाल्याचे, डबे-पार्सले पोचवणाऱ्याचे नाव कायद्याच्या पुस्तकात ह्या संहितेमुळे आले. कंपनीने आपल्या वर्षाच्या उलाढालीतून एक ते दोन टक्के रक्कम ह्या लोकांच्या कल्याणासाठी एका निधीत भरायची आहे. त्याचा लाभ हवा तर नोंदणी पाहिजे. ई-श्रम नावाची सरकारी नोंदवही आहे, तिच्यात आधार कार्डावरून नाव घालता येते. गावातल्या सेतू केंद्रात विचारा. नाव घालायला पैसे लागत नाहीत; कोणी मागितले तर पावती मागा, तो आपोआप गप्प बसतो.

आता तुम्ही म्हणाल, "मास्तर, हे सगळे मोठ्या शहराचे. आपल्याकडे काळीपिवळी आणि ऑटो. आपल्याले काय त्याचं?" त्याचे उत्तर असे. एक तर आपली लेकरे शहरात आहेत. दुसरे, ही गोष्ट आपल्या दारापर्यंत यायला वेळ लागायचा नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विजेवर चालणाऱ्या दुचाकी टॅक्सीला मान्यता दिली आणि जुलैमध्ये तिचे नियम निघाले. ही मान्यता कोणत्या शहरांसाठी? एक लाखावर वस्ती असलेल्या. २०११ च्या शिरगणतीत यवतमाळ शहराची वस्ती एक लाख सोळा हजारांवर होती. नियमांत घातलेल्या अटी अशा, की कंपनीकडे निदान ५० गाड्या असाव्यात, गाडी विजेचीच असावी, फेरी १५ किलोमीटरपेक्षा लांब नसावी, चालकाचे वय २० ते ५० च्या आत असावे. पेट्रोलची घरची मोटारसायकल घेऊन कोणी "मी टॅक्सी" म्हणाला, तर तो ह्या नियमांत बसत नाही.

आणि तिसरे उत्तर पाटीचे. हे नीट पाहून ठेवा, कारण ह्यात गावोगावची माणसे फसतात. घरच्या वापराच्या गाडीची पाटी पांढरी, वर काळी अक्षरे. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी, वर काळी अक्षरे. विजेच्या गाडीची पाटी हिरवी. घरची असेल तर अक्षरे पांढरी, भाड्याची असेल तर पिवळी. आपल्या जिल्ह्यात नोंदलेल्या गाडीवर एमएच २९ असते, पण जिल्ह्याच्या आकड्यावरून गाडी घरची की भाड्याची हे कळत नाही. ते रंगावरूनच कळते.

रंगाने काय बिघडते? विमा बिघडतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीचा विमा घरच्या वापराचा असतो. ती गाडी भाड्याने लग्नाला नेली, दवाखान्याला नेली, वाटेत अपघात झाला, तर विमा कंपनी म्हणू शकते, "ही गाडी भाड्याने चालली होती, आम्ही देणे लागत नाही." मग दावा वर्षानुवर्षे लोंबतो. काही वेळा कोर्ट जखमीला पैसे द्यायला लावते आणि विमा कंपनी ते पुढे मालकाकडून वसूल करते. मालकाकडे उरले असते काय? तेच गहाण टाकलेले शेत. शेजारधर्म म्हणून गाडी द्या, आनंदाने द्या. पण भाडे घेतले की ती शेजारधर्माची राहत नाही.

मोबाईलवरून बोलावलेल्या गाडीत बसताना प्रवाशाने काय पाहावे? मोबाईलवर दिसणारा गाडीचा नंबर आणि समोरच्या पाटीवरचा नंबर एकच आहे का. फोटोतला चालक हाच आहे का. पाटीचा रंग कोणता. बाई एकटी असेल, तर गाडीचा नंबर घरी कळवून मग बसावे. त्यात भित्रेपणा नाही. संकट आले तर ११२ हा आकडा फिरवावा, पोलीस येतात. "मोबाईलवरचे राहू द्या, रोख द्या, मी फेरी रद्द करतो," असे चालक म्हणाला, तर ऐकू नये. फेरी रद्द झाली, की ती गाडी कुठे निघाली, कोणाला घेऊन निघाली, याची कंपनीच्या दफ्तरात नोंद उरत नाही. चार पैसे वाचतील, पण पुढे तक्रार करायला पुरावाच राहणार नाही.

भाडे दीडपटीच्या वर घेतले, चालक अरेरावीने वागला, कंपनीने दाद दिली नाही, तर तक्रार आधी कंपनीकडे, मग जिथे फेरी झाली तिथल्या परिवहन कार्यालयाकडे करावी. परवान्यामुळे हे दार आपल्याला मिळाले आहे. अर्ज कोणाकडून लिहवून घेऊ नका. खाली नमुना दिला आहे. वर्गात सगळ्यांनी एकदा आपल्या हाताने उतरवून काढा आणि मोकळ्या जागा भरा.

प्रति,
मा. परिवहन अधिकारी,
परिवहन कार्यालय, ____________ यांस

विषय : मोबाईलवरून ठरवलेल्या गाडीच्या भाड्याबद्दल तक्रार

महोदय,

मी ____________, राहणार ____________, तालुका ____________, जिल्हा यवतमाळ. दिनांक ______ रोजी ______ वाजता मी ____________ ह्या कंपनीच्या मोबाईल सेवेवरून ____________ येथून ____________ येथे जाण्यासाठी गाडी ठरवली. गाडीचा नंबर ____________. फेरीचा क्रमांक ____________. गाडी ठरवताना भाडे ______ रुपये दाखवले होते. माझ्याकडून ______ रुपये घेतले. मी कंपनीकडे दिनांक ______ रोजी तक्रार केली. तिचे उत्तर मिळाले नाही. ह्या कंपनीच्या परवान्याच्या अटींप्रमाणे चौकशी करावी आणि जादा घेतलेली रक्कम परत मिळावी. पावतीची नक्कल सोबत जोडली आहे.

आपला / आपली,
(सही)

अर्जाच्या दोन प्रती काढाव्या. एक द्यावी, आणि दुसरीवर कार्यालयाचा शिक्का व तारीख घेऊन ती आपल्याजवळ ठेवावी.